माळ्याची खोली केली, आता वर वॉशिंग मशीन चढवायचं? थांबा, आधी फळ्यांखाली काय आहे ते बघू

माळा साफ करून, फळ्या ठोकून, रंग देऊन छान खोली केली की पुढचा विचार हमखास येतो, खाली जागा नाहीये तर वॉशिंग मशीन वर टाकू, जुना फ्रिज वर टाकू, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या पण वरच जातील. आणि मग प्रश्न पडतो, झेपेल का? लोक विचारतात ते असं, "माझ्या माळ्यावर किती किलो ठेवता येईल?" याला कोणी एका दमात आकडा सांगितला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, कारण तेच ८० किलोचं मशीन एका कोपऱ्यात वर्षानुवर्षं गुपचूप चालतं आणि तिथून दोन मीटर सरकवलं की खालच्या खोलीतला दिवा झुलायला लागतो. स्वतःच्या घरात बघितलंय म्हणून सांगतोय, पुढे येतंच ते.

तर किलो नंतर. आधी एक फळी उचला. खरंच उचला, वरून लाद्या किंवा लॅमिनेट बसवलं असेल तर खालच्या खोलीच्या छताला कोपऱ्यात छोटं भोक पाडून मोबाईलचा टॉर्च लावून बघा, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. फळ्यांच्या खाली जे लाकडी दांडे ओळीने आडवे टाकलेले असतात त्यांना कोणी कड्या म्हणतं, कोणी वासे, कोणी जॉइस्ट, मी इथे कडीच म्हणतोय. सगळा खेळ या कड्यांचा आहे, वरची फळी कितीही जाड आणि महाग असली तरी ती फक्त वजन कडीपर्यंत पोचवते, बास.

आता बघायचं हे की या कड्या मुळात कशासाठी टाकल्या होत्या. जुन्या घरात माळा पहिल्यापासूनच राबता असेल, धान्याची पोती वगैरे ठेवायला, तर कड्या बऱ्याचदा जाडजूड असतात आणि मजबूत तुळयांवर बसलेल्या असतात, तिथे निम्मी काळजी मिटली. पण खूप घरांत माळा हा माळा नसतोच, छप्पर आणि सीलिंग यांच्यामधली ती रिकामी पोकळी असते, आणि खालचे दांडे फक्त सीलिंगचा पत्रा किंवा बोर्ड धरायला असतात. त्यावर फळ्या ठोकल्या म्हणून ती जमीन होत नाही. बांधकामाच्या नियमांत पण हा फरक स्पष्ट आहे, कोणी वापरत नाही अशा माळ्यासाठी चौरस मीटरला साधारण ५० किलो धरतात, हलकं सामान ठेवणार असाल तर १०० च्या आसपास, आणि माणसं राहतात त्या खोलीसाठी १५० ते २०० किलो. म्हणजे सीलिंगसाठी केलेल्या सांगाड्यावर खोली करायची तर ताकद दुप्पट ते चौपट हवी, आणि अजून मशीनचा विषय निघालेलाच नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कैचीचं छप्पर. माळ्यावर उभं राहिल्यावर तिरक्या दांड्यांचं जाळं दिसत असेल, त्रिकोण त्रिकोण, पातळ लाकडं आणि सांध्यांवर लोखंडी दात असलेल्या प्लेटा, तर ती कैची. तिथे खालचा आडवा दांडा हा कडी नसतोच, तो छपराच्या दोन्ही बाजू बाहेर फाकू नयेत म्हणून ताणलेला असतो. आणि खोलीत वावरायला अडचण होते म्हणून कोणी मधले तिरके दांडे कापले असतील तर मशीनचं राहू द्या, आधी इंजिनिअर बोलवा, आजच. असे कापलेले दांडे "काही होत नाही हो, किती वर्षं झाली" म्हणून दाखवणारे लोक असतात, एका जोराच्या वाऱ्यात किंवा मोठ्या पावसात उत्तर मिळतं. काँक्रीटचा स्लॅब असेल तर गोष्ट वेगळी, राहत्या खोलीसाठी नीट टाकलेल्या स्लॅबवर घरगुती मशीनने सहसा काही होत नाही, पण स्वयंपाकघराच्या वर किंवा बाथरूमच्या वर जो पातळ पोटमाळा असतो तो डबे आणि गाद्यांसाठीच आहे, त्याला राहत्या स्लॅबमध्ये मोजू नका.

कड्या दिसल्या की टेप घ्या. चार मापं हवीत, कडीची रुंदी, कडीची उभी उंची, दोन कड्यांमधलं अंतर, आणि गाळा, म्हणजे एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत कडी किती लांब अधांतरी आहे. या चारात उंची आणि गाळा हे दोन राजे. कडीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट. आणि गाळा वाढला की उलटं, तेवढंच वजन पूर्ण लांबीवर पसरलेलं असेल तर चौरस मीटरच्या हिशोबाने वाक चौथ्या घाताने वाढतो, गाळा दुप्पट तर वाक सोळापट.

उदाहरण करून दाखवतो, नाहीतर हे सगळं हवेत राहतं. साडेतीन मीटरचा गाळा धरा, कड्या ४० सेंटीमीटरवर, लाकूड मध्यम प्रतीचं, आणि राहत्या खोलीचं पूर्ण वजन, म्हणजे २०० किलोच्या हिशोबाने आणि वर फळ्या-सीलिंगचं ४० किलो. कडी ५० बाय १०० मिलिमीटरची असेल तर मधोमध ती जवळजवळ ५ सेंटीमीटर वाकते. तीच कडी ५० बाय २०० ची असेल तर ६ मिलिमीटर. चालेल असा वाक म्हणजे गाळ्याचा ३६० वा भाग असा एक नेहमीचा ठोकताळा आहे, इथे तो येतो पावणेदहा मिलिमीटर. बघा म्हणजे, वरून दोन्ही खोल्या अगदी सारख्या दिसतील, तोच रंग तीच फरशी, आणि एक पास दुसरी सपशेल नापास.

मापं घेतानाच कडीचं टोक भिंतीत किती गेलंय ते पण बघून घ्या, वीट किंवा दगडाच्या भिंतीत निदान ७५ मिलिमीटर तरी बसलेलं हवं, आणि ते टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. लाकूड कुजतं ते नेमकं तिथेच, भिंतीची ओल लागून. टोक भुसभुशीत लागलं, बोटाने दाबून पीठ पडलं, वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर वरची सगळी गणितं रद्द.

आता किलोंकडे येऊ. रिकाम्या फ्रंट लोड मशीनचं वजन ६० ते ८० किलो असतं, त्यात ड्रम हलू नये म्हणून मुद्दाम काँक्रीटचे ठोकळे घातलेले असतात, म्हणून ते एवढं जड. पाणी फार घेत नाही, १०-१५ लिटर, म्हणजे ओल्या कपड्यांसकट १०० किलो धरा. टॉप लोड रिकामं हलकं, ३०-४५ किलो, पण त्यात पाणीच ५०-६० लिटर जातं, म्हणून भरल्यावर दोघं सारखेच. हे लोक विसरतात, खोक्यावरचं वजन वाचतात आणि खूश होतात. मोठा दोन दारं शेजारी शेजारी असलेला फ्रिज १००-१३० किलो, आणि भरल्यावर त्याच्यापुढे. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी एक एक ५०-६० किलोची, आणि बसते केवढ्याशा जागेत. ट्रेडमिलचं वजन बघू नका, त्यावर धावणाऱ्या माणसाचा पाय वजनाच्या दुपटीहून जास्त जोराने आपटतो तो बघा. ड्रायर मशीनच्या डोक्यावर ठेवायचा बेत असेल तर तेवढ्याच चार पायांवर आणखी ४०-५० किलो.

एक गंमत म्हणजे लोक मशीनला घाबरतात आणि शेजारी भिंतभर पुस्तकांचं कपाट खुशाल ठेवतात. पुस्तकांच्या एक मीटर लांब फळीचं वजन सहज २५-३० किलो होतं, सहा फळ्यांचं कपाट हे भरलेल्या मशीनच्या दीडपट जड. आणि चार फुटी माशांची टाकी, पाणी-काच-वाळू धरून, साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. म्हणजे यादी करायची तर सगळ्या खोलीची करा, एकट्या मशीनची नको.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो दोन्ही बाजूंनी होतो म्हणून जरा थांबून सांगतो. समजा खोली चौरस मीटरला २०० किलोची आहे. मशीन ६० बाय ६० सेंटीमीटरचं, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. कोणीतरी कॅल्क्युलेटर काढतो, २०० गुणिले ०.३६ म्हणजे ७२ किलो, आपलं मशीन १०० चं, अरे बापरे, जमीन कोसळणार. तर तसं नाहीये. त्या कडीवर मशीनच्या पुढे-मागे जी जागा रिकामी आहे तिथलं वजन आलेलंच नाही, आणि मशीन दोन-तीन कड्यांत वाटलं जातं, त्यामुळे नीट केलेल्या राहत्या खोलीत १०० किलोचं मशीन हा तसा मोठा विषय नाही. दुसरा घोळ याच्या बरोबर उलट, खोली तीन बाय तीन मीटर, नऊ चौरस मीटर, गुणिले २००, म्हणजे १८०० किलो चालतात, मग १००० किलोची पाण्याची टाकी मधोमध ठेवली तर काय बिघडलं. बिघडलं! ते १८०० सगळीकडे सारखे पसरलेले असतील तरच. एका जागी आलं की ज्या दोन कड्यांच्या नशिबी ते आलं त्या दोनच झगडतात, बाकीच्या नुसत्या बघत बसतात.

म्हणूनच जागा कुठली, हे मला किलोपेक्षा महत्त्वाचं वाटतं. चार मीटरच्या कडीवर १०० किलो मधोमध ठेवलं तर कडीला जेवढा वाकवणारा ताण बसतो, तेच वजन भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ठेवलं तर त्याच्या निम्म्याहूनही कमी बसतो, आणि वाक तर त्याहूनही कितीतरी कमी. फुकट मिळणारी ताकद आहे ही, एक खिळा न ठोकता. फक्त भिंत कुठलीही चालत नाही, ज्या भिंतीवर कड्यांची टोकं टेकली आहेत ती भिंत हवी, आणि ती खाली थेट पायापर्यंत गेलेली हवी. कड्यांना समांतर असलेल्या भिंतीला चिकटवून मशीन ठेवलं तर दिसायला ते कडेला आहे पण खाली एकच बिचारी कडी आहे, कदाचित तिच्या मध्यावर. मशीनचे चार पाय जितक्या जास्त कड्यांवर येतील तितकं बरं, म्हणून खाली १८ ते २५ मिलिमीटरचं प्लायवूड टाका जे निदान तीन कड्यांवर जाईल, आणि ते नुसतं ठेवू नका, प्रत्येक कडीला स्क्रूने आवळा. खालच्या खोलीत मधे पार्टिशन असेल तर ते टेकू देईल असं समजू नका, हलक्या पार्टिशनने वजन घेतलं की त्याच्या खालच्या जमिनीलाच तडे जातात.

आमच्याकडे काय झालं ते आता सांगतो. माळ्याच्या खोलीत पाण्याचा नळ आणि निचरा खिडकीपाशी होता, म्हणून मशीन तिथेच, म्हणजे नेमकं गाळ्याच्या मध्यावर. कपडे धुतले जात होते तोवर काहीच नाही, स्पिन सुरू झाला आणि आई खालून ओरडली, अरे वर कोण नाचतंय, बघतो तर दिवा झुलतोय आणि सीलिंगच्या सांध्यातून बारीक माती पडतेय. मी म्हटलं संपलं, कड्या गेल्या. सुतारकाका आले, त्यांनी कड्या बघितल्या, ठोकून बघितल्या, म्हणाले कड्यांना काही झालं नाही, आणि मशीन मागे वळवून बघितलं तर ट्रान्सपोर्टचे बोल्ट काढलेलेच नव्हते, बसवून देणारा माणूस तसाच सोडून गेला होता. नवीन फ्रंट लोडला ड्रम घट्ट धरून ठेवणारे लांब बोल्ट मागे असतात, ते काढले नाहीत तर स्प्रिंग-डँपर काही काम करत नाहीत आणि सगळे धक्के सरळ जमिनीत. बोल्ट काढले, निम्मा नाच बंद. उरलेला निम्मा मशीन कड्यांच्या टोकापाशी, भिंतीकडे नेल्यावर बंद झाला, निचऱ्याचा पाइप तेवढा लांबवावा लागला.

हा नाच का होतो, ते समजून घेतलं तर पुढचे उपाय आपोआप कळतात. १२०० आरपीएमला ड्रम सेकंदाला २० वेळा फिरतो. एक भिजलेली चादर एका बाजूला गोळा झाली, समजा नुसता अर्धा किलो जास्त, मध्यापासून २५ सेंटीमीटरवर, तर ड्रमला बसणारा ओढा जवळजवळ २०० किलोवजनाइतका होतो. यातला बराचसा मशीनच्या आतले स्प्रिंग खातात, पण जो थोडा जमिनीत येतो तो तालात येतो, आणि लाकडी जमिनीला स्वतःचा पण एक ताल असतो, साधारण सेकंदाला ८ ते १५ झोके. म्हणजे ५०० ते ९०० आरपीएमच्या पट्ट्यात कुठेतरी दोघांचे ताल जुळतात आणि झोका वाढत जातो. त्यामुळे स्पिन चढताना मधेच जोराचा थरथराट आणि मग शांत, हे लाकडी माळ्यावर नॉर्मल आहे. तो थरथराट शेवटपर्यंत टिकत असेल तर स्पिनचा वेग बदलून बघा, कधी कमी करून जमतं, कधी गंमत म्हणजे वाढवून जमतं. चारी पाय लेव्हल करा, जड चादरी एकट्या धुवू नका. रबरी पॅड लावा, मशीन सरकत नाही आणि आवाज कमी होतो, पण रबराने जमीन मजबूत होते असा गैरसमज नको.

कड्या कमी पडल्याच तर काय? जुन्या कडीला शेजारी नवी कडी पूर्ण लांबीची, दोन्ही टोकांना आधारावर टेकलेली, बोल्टने जोडायची, हा सगळ्यात सरळ मार्ग. अर्धवट लांबीचा तुकडा मधेच जोडून समाधान मानू नका. कड्यांच्या मधे आडवे ठोकळे घट्ट बसवले तर वजन शेजारच्या कड्यांना वाटलं जातं आणि थरथर कमी होते, खर्चाच्या मानाने हा उपाय मला फार आवडतो. गाळाच मोठा असेल तर खालून मधे लोखंडी किंवा लाकडी तुळई, पण मग त्या तुळईचं वजन कुठे उतरणार ते इंजिनिअरने ठरवायचं, तुम्ही-मी नाही. त्याला बोलावल्यावर "बघून सांगा" एवढंच म्हणू नका, वरची चार मापं, प्रत्येक वस्तूचं भरलेलं वजन आणि ती नेमकी कुठे ठेवणार त्याचा कागदावर काढलेला नकाशा हातात द्या.

आणि कड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू मशीन नाही, प्लंबर आहे. रागावू नका कोणी, पण निचऱ्याचा पाइप न्यायला कडीत जी खाच मारली जाते तिने होतं ते नुकसान वजनाने होत नाही. भोक पाडायचंच तर कडीच्या उंचीच्या मधोमध, उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा मोठं नाही, आणि वर-खाली ५० मिलिमीटर लाकूड शिल्लक राहिलं पाहिजे. याचा अर्थ बारीक कड्यांत निचऱ्याचा पाइप आरपार जाऊच शकत नाही, तो कड्यांना समांतर न्या. वर किंवा खाली खाच मारायची झाली तर उंचीच्या सहाव्या भागाहून खोल नको आणि गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात तर अजिबातच नको.

पाण्याचं अजून एक, गळती. तळमजल्यावर पाइप सुटला तर पाय ओले होतात, माळ्यावर सुटला तर सीलिंग खाली येतं, आणि थोडी थोडी गळती तर त्याहून वाईट, दिसत नाही आणि कडी आतून कुजते. मशीनखाली निचरा जोडलेला ट्रे ठेवा, आणि धुणं झालं की नळ बंद करायची सवय लावा. पाण्याचा दाब पण आधीच तपासा, टाकीच्या पाण्यावर चालणार असेल तर उंचीच्या दर मीटरला ०.१ बार एवढाच दाब मिळतो आणि बऱ्याच मशीनना निदान ०.३ ते ०.५ बार लागतो, म्हणजे टाकी नळाच्या तीन ते पाच मीटर वर हवी, आणि माळ्यावर नेमकी तीच बोंब असते. नसेल तर छोटा प्रेशर पंप. फ्रिजचा विचार असेल तर मागच्या लेबलवर क्लास बघा, एन असेल तर खोली ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत, छपराखालची खोली दुपारी केवढी तापते ते थर्मामीटर ठेवून आठवडाभर बघा मगच ठरवा.

वर चढवण्याच्या दिवशी एक भान ठेवा. ७५ किलोचं मशीन आणि ते धरलेली दोन माणसं, म्हणजे सव्वादोनशे किलो एकाच जागी, तेही पावलापावलाने आपटत. जिना आणि माळ्याच्या तोंडापाशी हे सगळ्यात जास्त असतं आणि नेमक्या तिथल्याच कड्या जिन्यासाठी कापलेल्या असतात. वाटेवर प्लायवूडचे पट्टे टाकून ठेवा, तिसऱ्या माणसाला खाली उभं करा पण मशीनच्या बरोबर खाली नाही, आणि रिकाम्या हातांनी कौतुक बघायला आलेल्यांना वर येऊ देऊ नका.

मशीन जागेवर ठेवायच्या आधी खालच्या खोलीत, ते जिथे येणार त्याच्या बरोबर खाली, सीलिंगपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजून भिंतीवर पेन्सिलने तारखेसकट लिहा. मशीन बसलं की परत मोजा, मग महिन्याने, मग सहा महिन्यांनी. लाकूड कायमच्या वजनाखाली हळूहळू अजून वाकतं, त्यामुळे सुरुवातीला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढून तिथेच थांबलं तर ठीक. थांबत नसेल, किंवा सीलिंगला कड्यांना समांतर नवीन तडे दिसले, किंवा खालचं दार अचानक घासायला लागलं, तर कपडे तसेच भिजत राहू दे, आधी मशीन रिकामं करा आणि खाली उतरवा.